कोयता न लागलेली झाडं

गंगम्मा गेल्याचं गुरुसिद्धप्पाला कळलं तेव्हा तो अणदूरच्या शिवारात ज्वारीला पाणी देत होता. दुपारचे साडेतीन वाजले असतील. धाकटा भाऊ शिवपुत्र बांधावरून पळत आला आणि चार हातांवर येऊन थांबला. त्याच्या हातात फोन होता, तो त्यानं उगाच पुढं धरला.

"अण्णा, वैनीला धाराशिवला दवाखान्यात नेलंय," तो म्हणाला.

गुरुसिद्धप्पानं त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि फावडं खाली ठेवलं.

"नेलंय, का घरी आणायलेत?"

शिवपुत्र ओल्या वरंब्यावरच बसला आणि रडायला लागला. पाणी सरीतून फुटून शेजारच्या वाफ्यात गेलं. ते पुढं दोन दिवस तसंच चालू राहिलं, कुणी मोटार बंद केली नाही.

गंगम्मा त्या दिवशी पहाटेच्या एसटीनं गेली होती, निलगिरीच्या पाल्याच्या मोळ्या घेऊन. ही निलगिरी म्हणजे सडकेच्या कडेला सरळसोट वाढते ती नव्हे. हिचं पान गोल, राखाडी-निळं, जुन्या रुपयाएवढं, डहाळीला दोन्ही अंगांनी जोडीनं लागलेलं. म्हणून गंगम्मा त्याला रुपया पाला म्हणायची. लग्नाच्या कमानीला, स्टेजला, टेबलावरच्या फुलदाणीत आता हा पाला लागतो. शहरातले लोक वाळवूनही ठेवतात, त्याचं कडं करून दारावर टांगतात. बारा वर्षांपूर्वी धाराशिवच्या रणधीर डेकोरेटरनं कर्नाटकातून रोपं आणून दिली आणि गंगम्मानं विहिरीकडच्या तुकड्यात चाळीस झाडं जगवली. तिच्या जोडीला तिची जाऊ, शिवपुत्राची बायको भुवनेश्वरी. पुढं भावाभावांची वाटणी झाली, मधे बांध पडला, चुली वेगळ्या झाल्या, पण पाल्याच्या कामात दोघी एकत्रच राहिल्या. पहाटे पाला तोडायचा, कोवळा शेंडा खुडून टाकायचा, बुडखा पाण्यात ठेवायचा, ओल्या गोणपाटात बांधायचा. मंगल कार्यालयात गेल्यावर आधी पाला बसवायचा आणि मग फूल. पाल्यानं आकार धरला नाही तर फूल कितीही भारी असू दे, ते भिकाऱ्यासारखं दिसतं, असं गंगम्मा म्हणायची.

गुरुसिद्धप्पाला हे काम पहिल्यापासून खुपत होतं. त्याचं म्हणणं साधं होतं. दाराला आंब्याचा टाळा बांधतात, महादेवाला बेल वाहतात आणि निलगिरी सर्दी झाली तर नाकाला लावतात. "म्हस ज्याला तोंड लावत न्हाय, ते शहरातली माणसं दिवाणखान्यात मांडायलीत," असं तो चारचौघांत सांगायचा. गंगम्मा हसायची आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा कोयता घेऊन निघायची.

समाधी दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायची ठरली. त्यांच्यात मयताला आडवं नेत नाहीत. कपाळाला विभूती लावून खुर्चीवर बसवतात, खुर्चीला फुलांची आरास करतात आणि शेतात नेतात. गुरुसिद्धप्पा आंघोळ करून बाहेर आला तेव्हा गंगम्मा अंगणात बसलेली होती. खुर्चीच्या पाठीला, हातांना, पायाशी, झेंडूच्या मागं सगळीकडं रुपया पाला लावला होता. भुवनेश्वरी सुतळीनं शेवटची डहाळी बांधत होती.

त्यानं पुढं होऊन ती डहाळी उपटली. मग दुसरी, मग तिसरी. लग्नाच्या मांडवातला उरलासुरला कचरा माझ्या बायकोच्या मयताला लावता का, असं तो सगळ्या गावासमोर बोलला. दुसऱ्याच्या घरचं उष्टं आणून आरास करणारी ही कोण, असंही बोलला. भुवनेश्वरी पदर पुढं ओढून बाजूला झाली. विधीला आलेले जंगम अय्या म्हणाले, असू दे, पानच आहे. तो ऐकेना. झेंडू तेवढा राहिला आणि मधे मधे खुर्चीचं लोखंड उघडं पडलं. गंगम्मा तशीच गेली.

तिसऱ्या दिवशी समाधीवर दूध घालून आल्यावर मुलगी शिवरंजनीनं दवाखान्याचा कागद त्याच्या हाती दिला. ती अक्कलकोटला दिलेली, परत निघायच्या तयारीत होती. कागदावर दाखल केल्याची वेळ होती, दुपारी एक वाजून दहा मिनिटं. अव्वाच्या छातीत साडेअकरालाच कळ आली होती असं काकू म्हणाल्या, हे शिवरंजनी सहज बोलून गेली. गुरुसिद्धप्पानं कागद पुन्हा वाचला. कार्यालयापासून तो दवाखाना रिक्षानं दहा मिनिटांवर होता, हे त्याला माहीत होतं.

"मधल्या टायमात काय केलं?"

शिवरंजनीनं आधी टाळलं. मग सांगितलं. मुहूर्त बारा पस्तीसचा होता, कमान अर्धी झाली होती. अव्वा स्टेजच्या मागच्या खोलीत खुर्चीवर बसून होती आणि काकूंनी एकटीनं कमान पुरी केली. अक्षता पडल्यावर मागच्या दारानं रिक्षात घातलं. नवरीच्या घरच्यांना काही कळलं नाही.

"लग्न निर्मळ पार पडलं म्हण की," गुरुसिद्धप्पा म्हणाला.

त्या दिवसापासून बांधापलीकडचं घर त्याला दिसेनासं झालं. म्हणजे दिसायचं, पण तो तिकडं थुंकल्याशिवाय पुढं जात नसे आणि हिनंच तिला मारलं, असं गावात सांगायचा. एकच अडचण होती. त्याला भुवनेश्वरीला तोंडावर बोलता येत नव्हतं. त्यांच्या घरात थोरला दीर आणि धाकटी भावजय एकमेकांशी बोलत नाहीत. बावीस वर्षांत दोघांमधे एक शब्द झाला नव्हता. जे असेल ते गंगम्मामार्फत. भुवनेश्वरी म्हणायची, त्यांना जेवायला बोलवा, अक्का. गुरुसिद्धप्पा तिथंच दोन हातांवर बसलेला असायचा. तो म्हणायचा, सांग तिला, भूक न्हाय. मग गंगम्मा दोघांकडं बघून विचारायची, आता मी सांगू का ऐकलं दोघांनी? आता ते मधलं माणूसच गेलं होतं. मयताच्या दिवशी तो बोलला तेही गावाकडं तोंड करून.

तोंडावर बोलता येईना म्हणून त्यानं दुसरं केलं. काटेरी बोराटी तोडून आणली आणि चाळीस झाडांना चारी बाजूंनी कुंपण घातलं. शिवपुत्राला बोलावून बजावलं. "सांग तुझ्या घरात. ह्या झाडाला आजपासून कुणी कोयता लावायचा न्हाय. तिनं लेकरावानी वाढीवलीत. म्या हाय तवर एक डहाळी तुटायची न्हाय."

आपण हे बरोबर केलं असं त्याला मनापासून वाटत होतं. गंगम्मा असताना त्यानं त्या झाडांना कधी तांब्याभर पाणी घातलं नव्हतं. आता तो रोज ठिबकच्या नळ्या तपासू लागला. गावात कुणी विचारलं तर म्हणायचा, तिची झाडं हायत, तिच्यामागं तेंच्या अंगाला लोखंड लागू देणार न्हाय.

पौषात रणधीर डेकोरेटर टेम्पो घेऊन आला. पांढरा शर्ट, कानाला फोन. आधी बाहेरच्या बाजेवर बसून गंगम्मासाठी चार चांगले शब्द बोलला, मग कामावर आला. पुढच्या आठवड्यात चार ठिकाणची आरास आहे, पाला पाहिजे. मधल्या खोलीत काकींनी तारेला उलट्या टांगून वाळवलेल्या जुड्या असतील तर त्याही नेतो म्हणाला, शहरात घराघरातून मागणी आहे.

"कर्नाटकातून आण," गुरुसिद्धप्पा म्हणाला.

"तिकडचा येईस्तोवर मान टाकतो, काका. काकींच्या हातचा पाला आठ आठ दिवस पाण्यात ताठ राहायचा."

"काकी मेल्या. तुझ्या मागल्या खोलीत."

रणधीरनं फोन खिशात ठेवला. "म्या रिक्षा बोलवायला निघालो हुतो, काका. काकीच नको म्हणाल्या."

"मेलेल्या माणसावर ढकलायलास व्हय? लई सोपं असतंय ते. मेलेलं माणूस न्हाय म्हणायला येत न्हाय."

एवढं बोलून गुरुसिद्धप्पा उठला आणि आढ्याला खोचलेला कोयता काढून मांडीवर घेऊन बसला. रणधीर टेम्पोकडं गेला. दार उघडून एक पाय आत टाकल्यावर त्याला धीर आला. म्हणाला, माझ्यावर राग धरा, पण झाडावर धरू नका. ते झाड छाटूनच नीट राहतं. नाही छाटलं तर पान बिघडतं.

"खाटिक बी बोकडाला असंच सांगत असंल," गुरुसिद्धप्पा म्हणाला. "कापल्याबिगर तुझं भलं व्हायचं न्हाय म्हणून."

टेम्पो रिकामा गेला. त्या दिवशी गुरुसिद्धप्पा बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवला.

माघ सरत आला तेव्हाची गोष्ट. तो विहिरीवर पाइपाला पट्टी गुंडाळत होता. बांधापलीकडं शिवपुत्राची म्हैस बांधलेली असते. भुवनेश्वरी पेंड घेऊन आली. पदर कपाळापर्यंत, त्याच्याकडं पाठ. पेंडीचं टोपलं म्हशीपुढं ठेवलं आणि म्हशीच्या मानेवर हात ठेवून ती मोठ्यानं बोलायला लागली. ज्याच्याशी बोलायचं नाही त्याला ऐकवायची ही जुनी रीत आहे. बायका जात्याला सांगतात, भिंतीला सांगतात. भुवनेश्वरीनं म्हशीला सांगितलं.

"ऐक गं म्हशे. माघ सरायला आठ दिस राहिलेत. अक्का दर माघात ह्या झाडाला कोयता लावायची. मग चैतात जी नवी फूट येती, तिलाच गोल पान असतंय. नुसतं वाढू दिलं की झाड थोराड व्हतंय अन् पान लांबडं व्हतंय, सडकंच्या निलगिरीवानी. तेला कुत्रं इचारत न्हाय. कुठं कापायचं ते झाडाझाडाचं येगळं हाय. ते अक्काला ठावं हुतं अन् तिनं मला दावलंय. बोराटी काढली तर म्या दोन दिसांत समदं करती. मला त्यातलं काय नको. झाडं राहू देत."

गुरुसिद्धप्पाच्या हातातली पट्टी तशीच राहिली. मग तोही म्हशीकडं बघून बोलला. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्याचा शब्द मधल्या माणसाशिवाय बांधापलीकडं गेला.

"म्हशे, तुझ्या मालकिणीला सांग. साडेअकरापसून जिची जीभ टाळ्याला चिकटली हुती, तिनं आता झाडाची काळजी करू नये. अक्षता पडूस्तोवर कमान बांधीत बसलेली बाई ती. तिला माणसापरीस पाला महाग."

म्हैस पेंड खात होती. भुवनेश्वरीचा हात तिच्या मानेवर थांबला. ती बोलली तेव्हा आवाज खाली आला होता, पण प्रत्येक शब्द ऐकू आला.

"फोन म्या दोनदा हातात घेतला हुता, म्हशे. दोनदा अक्कानं हिसकून घेतला. म्हनली, ह्यांना कळीवलंस तर हे हितं येऊन राडा घालतेल, मागच्यावानी. म्हनली, परक्याच्या पोरीच्या अक्षता हायत, त्या तर पडू दे. वाऱ्यानं धरलंय, हुईल कमी. म्या रडाय लागले तर म्हनली, आधी कमान पुरी कर, मग रड. म्या तिचं ऐकलं. जन्मभर तिचंच ऐकलं, त्या दिवशी ऐकाय नको हुतं. अन् खुर्चीला लावलेला पाला कुणाचा उष्टा नव्हता. त्या पहाटं अक्कानं तोडलेली एक मोळी कमानीला लागलीच न्हाय. ती म्या माघारी आणली. तिच्या हातची हुती."

तिनं रिकामं टोपलं उचललं आणि ती घरात गेली.

मागचा राडा गुरुसिद्धप्पाला सांगायची गरज नव्हती. तीन वर्षांपूर्वी तो धाराशिवला एका पाहुण्यांच्या लग्नाला गेला होता. आत शिरला तर समोर शिडीवर गंगम्मा. दोन्ही हातांनी कमानीत पाला खोचत होती आणि खाली व्याही मंडळी चहा पीत उभी होती. त्यानं सगळ्यांसमोर शिडी हलवली, बादल्यांना लाथ मारली, स्टेजवर पाणी झालं. नवरदेवाच्या चुलत्यांनी त्याचे हात धरले. गंगम्मा खाली उतरली, पाण्यातला पाला गोळा केला, तिथल्याच एका चादरीनं पुसला आणि पुन्हा शिडीवर चढली. घरी आल्यावर ती त्याला एका शब्दानं बोलली नाही. मात्र त्यानंतर कोणत्या कार्यालयात काम आहे हे तिनं त्याला कधी सांगितलं नाही. धाराशिवला जाते, एवढंच म्हणायची.

हे सगळं आठवूनही त्यानं ठरवलं की भुवनेश्वरी खोटं बोलते. ते ठरवणं सोपं होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं आणखी एक गाडीभर बोराटी आणली आणि कुंपणाची दुसरी रांग लावली. माघ गेला.

चैत्रात झाडं वर गेली. पाऊस बरा झाला. श्रावणापर्यंत ती दोन पुरुष उंच झाली आणि वाऱ्यात सडकेच्या झाडांसारखी आवाज करू लागली. गुरुसिद्धप्पाला ते बघून बरं वाटायचं. तो पोरांना, पाहुण्यांना दाखवायचा. तिच्या हयातीत एवढी कधी झाली नव्हती म्हणायचा.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यानं तिच्या फोटोला लावायला एक डहाळी घ्यायचं मनात आणलं. एक डहाळी घेतली तर तिला चालेल, असं त्यानं स्वतःच ठरवलं. बोराटी बाजूला करून आत गेला. हाताला येण्याजोगं खाली काही नव्हतं, खालची पानं झडून गेली होती. आकडीनं वरची फांदी ओढली. हातात आली ती पानं वीतभर लांब, निमुळती, विळ्यासारखी वाकडी. त्याला वाटलं, रोग पडला. दुसऱ्या झाडाची ओढली. तिसऱ्याची ओढली. मग ती फांदी घेऊन तो मधल्या खोलीत गेला. तारेला गंगम्माची जुडी उलटी टांगलेली होती, वाळून फिकी झालेली, पण पान न् पान गोल. त्यानं हातातली फांदी तिच्या शेजारी धरली. एकाच झाडाची दोन पानं आहेत, असं कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी पटलं नसतं. त्या वर्षी फोटोला नुसता झेंडू लागला.

कार्तिकात त्यानं एक झाड आपल्या हातानं छाटायचं ठरवलं. बाभूळ तोडतात तशी कुऱ्हाड घेतली आणि झाड जमिनीलगत तोडलं. खोल तोडलं की जोमानं फुटतं, एवढंच त्याला ठाऊक होतं. रोज सकाळी तो खुंट बघायचा. महिना गेला, गंगम्माला जाऊन वर्ष झालं, खुंट काळा पडला आणि त्याची साल सुटली.

मग त्यानं रणधीरला फोन लावला. रणधीरनं आधी ओळख दाखवली नाही. ओळख दाखवल्यावर म्हणाला, आमी आता दुसरीकडून पाला घेतो. आणि कापायचं मला काय ठावं, म्या बांधणारा माणूस. "काकींच्यामागं ते जाणणारं एकच माणूस हाय, काका. अन् ते तुमच्या बांधाला लागून हाय. कोयता घेऊन बसा तेंच्यापुढं बी." त्यानं फोन ठेवला.

शेवटी गुरुसिद्धप्पानं शिवपुत्राला बोलावलं. बायकोला विचारून ये म्हणाला, कुठं कापायचं, किती ठेवायचं, कोणत्या दिवशी. शिवपुत्र घाईघाईनं गेला. भावाभावांचं जमायला लागलं म्हणून त्याला आनंद झाला होता. परत आला तेव्हा तो खाली बघत होता.

"काय म्हनली?"

"राग धरू नका, अण्णा. ती म्हनली, मला गावासमोर उष्टं आणणारी म्हणले. मारणारी म्हणले. ते समद्यांच्या देखत म्हणले. आता झाडाचं इचारायचं आसंल तर तेनीच इचारावं, माझ्या तोंडाकडं बघून. निरोप नको म्हनली. म्हशीला बी सांगायचं न्हाय म्हनली."

"थोरल्या दिरानं?"

"तेच म्या बी म्हनलो. ती म्हनली, रीत अक्कासंगं गेली."

गुरुसिद्धप्पानं त्याला घालवून दिलं. तिला म्हणावं, त्यापेक्षा झाडं जळू देत, असा निरोपही पाठवला. निरोप पोचला की नाही ते कळलं नाही, शिवपुत्र अर्धे निरोप गिळतो. पण दुसऱ्या दिवशी गुरुसिद्धप्पा बोराटी काढायला लागला. एक दिवस एक बाजू, दुसऱ्या दिवशी दुसरी. हाताला काटे लागले, ते त्यानं काढले नाहीत.

माघ लागला. भुवनेश्वरी रोज सकाळी म्हशीला पेंड घालायला येते. आता ती पाठ करून उभी राहत नाही. पदर डोक्यावर असतो, पण कपाळापर्यंत नसतो. टोपलं ठेवते आणि बांधाकडं तोंड करून उभी राहते, म्हशीनं पेंड संपवेपर्यंत. गुरुसिद्धप्पा विहिरीपाशी येतो. एकदा तो बांधापासून चार पावलांवर गेला आणि खाकरला. तिनं वाट पाहिली. तिनं फोन लावायला पाहिजे होता, हे त्याच्या मनातून अजून गेलेलं नाही. फोन लागला असता तर आपण पहिल्यांदा काय केलं असतं, हेही त्याला ठाऊक आहे. दोन्ही गोष्टी एकदमच ओठांवर आल्या आणि तो मोटार चालू करायला वळला.

आज माघातली दशमी. एकोणचाळीस झाडं छाटायची राहिली आहेत आणि भुवनेश्वरीला विचारायचं राहिलं आहे.